बुडालेल्या सरकारचा पगार

पनवेलच्या शाळेत मी ड्रॉइंग शिकवायचो. म्हणजे सुरई काढायला शिकवायचो. वर्षानुवर्षं तीच सुरई, तीच तिच्या डाव्या अंगाची सावली. अशा नोकरीत माणसाला छंद नसेल तर तो ठार वेडा होतो. मला नोटांचा छंद होता. चालू नोटांचा नव्हे, त्या मास्तराच्या हातात ठरत नाहीत. मी बुडालेल्या राज्यांच्या नोटा जमवायचो. रशियाच्या झारची भलीमोठी पाचशेची, ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या, तुर्की सुलतानाच्या. पनवेल बंदरात नि उरणकडे बोटीवर नोकऱ्या केलेले खलाशी पुष्कळ. त्यांच्या ट्रंकांच्या तळाशी असला माल हमखास पडलेला असायचा आणि चहाच्या पैशांत मिळायचा. माझी बायको चंद्रावती त्याला ‘मेलेल्या राजांची रद्दी’ म्हणायची. रद्दीवाला निदान वजनावर पैसे देतो, हे तिचं पुढचं वाक्य.

तिला काय सांगणार? नोट वाचता येते. राज्य बुडणार हे राजाच्या आधी त्याच्या कागदाला कळतं. सुरुवातीच्या नोटेचा कागद दणकट असतो, कोरीव काम असं की भिंगाखाली रेघ न् रेघ सुटी दिसावी. मग लढाई लागते. कागद पातळ होतो, शाई फुटते, आणि आकड्यावरची शून्यं वाढायला लागतात. शून्यं वाढली की खुशाल समजावं, तिथल्या माणसाच्या पोटात काही उरलेलं नाही. हे मी पोरांना आनंदाने शिकवलं असतं, पण परीक्षेला सुरई होती.

हौसा टपाल नाक्याजवळ सुकट-जवळा विकायला बसायची. खाडीकाठच्या आगऱ्यांच्या गावातली, चाळिशीच्या आतबाहेरची, तोंडाने फटकळ. कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. तिचा नवरा काशिराम मिठागरातलं काम सोडून एका ठेकेदाराबरोबर रंगूनच्या गोदीवर गेला होता. पुढे जपान्यांनी रंगून घेतलं. कोण कोण रानावनातून चालत परत आले, काशिराम आला नाही. पनवेलात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळेच तिच्या कुंकवाकडे एक क्षण जास्त पाहायचे.

चोपन्न सालची दिवाळी झाली आणि एका सकाळी तिने सुकटीबरोबर पदराच्या गाठीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला.

“मास्तर, तुमी नोटा वलकता ना? ही चालंल का कुटं?”

जपान सरकारची एक रुपयाची नोट होती. ब्रह्मदेशात रुपयाच चाले; तो देश घेतल्यावर जपान्यांनी तिथल्यासाठी स्वतःच्या रुपयाच्या नोटा छापल्या होत्या. त्यांच्यावर नंबर नसतो, नुसती अक्षरं असतात, आणि ब्रह्मदेशच्या नोटांचं पहिलं अक्षर बी. लढाई संपली त्या दिवशी त्या नोटांची किंमत शून्य झाली. लोकांनी त्यांवर बंब पेटवले.

“कुठेच नाही चालणार,” मी म्हणालो. “पण मला हवी आहे.” आणि तिला आठ आणे दिले. काशिरामने कधीतरी कुणाच्या हाती पाठवली असेल, असं मी धरून चाललो. तिने सुकट जरा जास्तच घातली.

घरी येऊन मी नोट भिंगाखाली धरली. कागद कोरा करकरीत होता. नाकाजवळ नेली तर छपाईच्या शाईचा ताजा वास आला.

दर उधाणानंतर ती एक नोट आणू लागली. आधी एकेकाच्या, मग पाचाची, मग दहाची. तिच्या नवऱ्याच्या वाटणीचा मिठागराचा तुकडा खाडीला लागून होता आणि समुद्राचं पाणी आत घ्यायची उघाडी, म्हणजे बांधातलं फळीचं दार, तिच्याकडे होतं. अमावस्या-पुनवेला भरतीचं पाणी घेऊन दार लावलं की बांधावर नोट पडलेली असायची, असं ती सांगे.

“आमच्या घरवाल्याचा पगार हाय,” ती म्हणाली. “दुसरा कोन धाडनार?”

“हौसाबाई, ते सरकारच राहिलं नाही.”

“तुमचं ऱ्हायलं नसंल.”

मी हसलो. पण घरी जाऊन सगळ्या नोटा ओळीने मांडल्या आणि मग हसू आलं नाही. प्रत्येक नोट आधीच्या नोटेपेक्षा वाईट होती. कागद उतरत चालला होता. दहाच्या नोटेवरच्या देवळाचा कळस शाईत बुडाला होता. शंभराची आली तेव्हा तिचा कागद आमच्या बाजारातल्या पुडीच्या कागदाइतका हलका होता, आणि मागची बाजू जेमतेम छापली होती. कुठेतरी एक सरकार अजून लढत होतं, आणि हरत होतं.

हे सगळं मला नुसतं गमतीचं वाटलं असतं. पण हौसाचा जीव त्यात अडकला होता. गेलेल्या माणसाची बारा वर्षं काही खबर नसली, की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला त्या माणसाचं नाव द्यायचं आणि अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. पुतळा जळला की माणूस मेला. काशिरामची बारा वर्षं भरली होती. त्याचे धाकटे भाऊ काळूराम आणि गणू विधी करायला उतावीळ झाले होते. विधी झाला की हौसा विधवा. पोरबाळ नव्हतं. मग तिची खोली आणि मिठागराचा वाटा दिरांकडे, आणि तिने माहेरी आपट्याला जाऊन भावजयीची भांडी घासायची. ती म्हणायची, खबर कशी नाही? पगार येतो ती खबरच की! माणूस जिता आहे म्हणून तर पगार येतो.

एकदा मी तिच्याबरोबर जाऊन पाहायचं ठरवलं. स्वच्छ सकाळ होती. कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा वर आलेला, खाजणात बगळे उभे, मिठाच्या खणांवर ऊन इतकं चकाकत होतं की डोळे किलकिले करावे लागत. हौसाने गुडघाभर चिखलात उतरून उघाडीची फळी वर ओढली. खाडीचं गढूळ पाणी आत यायला लागलं. मी बांधावर बसून राहिलो, नजर न हलवता. माझ्याशिवाय, तिच्याशिवाय तिथे चिटपाखरू नव्हतं.

मग मला आवाज आला. लोखंडावर लोखंड. घण बसल्यासारखा, थांबून थांबून, आणि प्रत्येक घावानंतर पुष्कळ माणसांनी एकदम श्वास सोडल्यासारखं काहीतरी. तो उघाडीच्या तोंडातून, पाण्याबरोबर आत येत होता. तेव्हा पनवेलला रेल्वे नव्हती. ब्रह्मदेशच्या जंगलातून जपान्यांनी मात्र रेल्वे घातली होती, आणि तिच्या रुळांखाली मजूर किड्यामुंग्यांसारखे मेले होते. हे मी वाचलेलं होतं.

“ऐकू येतंय का गं?” मी विचारलं.

“काय?” ती म्हणाली. “पानी येतंय, दुसरं काय?”

तिने फळी खाली सोडली. आवाज तुटला. मी मान वळवली तर माझ्या मांडीपासून हातभर अंतरावर, ओल्या चिखलात, एक नोट होती. विड्यासारखी तिकोनी घडी घातलेली, आणि कोरडी ठणठणीत. चिखलावर पावलं फक्त आमच्या दोघांची होती.

हौसाने ती उचलून कपाळाला लावली, आणि वाचता येत नसल्यामुळे माझ्याकडे दिली. ती हजाराची होती.

ब्रह्मदेशासाठी जपान्यांनी शंभराच्या वर नोट काढलीच नव्हती. मला हे माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. तरी त्या मऊ, फाटायला आलेल्या कागदावर एकावर तीन शून्यं होती आणि शाई अजून बोटाला लागत होती.

“जास्ती झाला ना पगार?” हौसाचं तोंड फुललं होतं. “बढती मिलली त्यांना.”

हजार रुपयांत तिथे मूठभर तांदूळ येत असतील की नाही, देव जाणे. पण तिला ते कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हणालो, “हो, वाढला.”

मुंबईला फोर्टात एक पारशी दुकानदार असल्या वस्तू घ्यायचा. त्याला मी नोट दाखवली. त्याने दहादा उलटीपालटी केली, आणि माझा सहा महिन्यांचा पगार होईल एवढी रक्कम तिथल्या तिथे देऊ केली. परत येऊन मी हे हौसाला माझ्या ओट्यावर सांगितलं. काळूराम तिला न्यायला आला होता, तो पायरीवर बसून विडी ओढत होता. हौसा नोट विकायला साफ नाही म्हणाली. बढतीचा पगार बाईने देवापुढे ठेवायचा असतो, दुकानात नाही. काळूरामने विडी अर्धीच विझवून कानावर ठेवली.

पुढच्याच आठवड्यात गावच्या देवळात पंच बसले आणि मला बोलावणं आलं. दाजी पाटील म्हणून गावचे म्हातारे पुढारी होते, पांढऱ्या मिशांचे, शांत. त्यांनी मी नेलेल्या आणि हौसाकडच्या नोटा चादरीवर मांडल्या.

“मास्तर, तुमी शिकलेलं हाव. सांगा, ही खबर हाय का नाय?”

“कागद नवा आहे,” मी म्हणालो. “शाई ताजी आहे. पण हे सरकार लढाई हरून बुडालं. जपान्यांचं ब्रह्मदेशात आता कुणीही नाही.”

“मंग या कोन धाडतंय?”

“मला माहीत नाही.”

काळूराम उठून उभा राहिला. “मास्तर सोताच बोलतान, सरकार नाय. सरकार नाय तं पगार नाय. पगार नाय तं कामगार नाय. आमचा भाव मेलाय.”

इतकं बिनतोड तर्कशास्त्र मी कॉलेजातही ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, की मला पटत नाही, मी कानांनी आवाज ऐकलाय, घाई करू नका. पण आवाजाला कोण पुरावा मानतो? मीही मानला नसता. दाजींनी शेवटी पळस तोडायला परवानगी दिली. हौसा ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, “जित्त्या मानसाला जालताव तुमी. त्याला भाजंल.”

पुतळा बांधला तेव्हा मी दूर उभा होतो. पळसाच्या पानांचे हातपाय दोऱ्याने आवळले, डोक्याच्या जागी नारळ, वरून पिठाचा लेप. भटजींनी त्याला काशिरामचं नाव दिलं, गोत्र दिलं, त्याच्या वडिलांचं नाव सांगितलं. एकाएकी तिथे कुणीतरी निजलेलं आहे असं वाटायला लागलं. काळूरामने अग्नी दिला. ओली पानं तडतडत राहिली. तिकडे बायकांनी हौसाच्या बांगड्या फोडल्या आणि कपाळ पुसलं. मला त्या माणसांचा इतका संताप आला की मी कुणाचा निरोप न घेता सायकलवर टांग टाकली.

नोटा आता थांबतील असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही.

उधाण झालं आणि हौसा माझ्या ओट्यावर आली. कपाळ उघडं, हात उघडे. तिला ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. तिने पदराची गाठ सोडली. आत दोन नोटा होत्या.

एक हजाराची. कागद आणखी पातळ, एका कडेला तर छापायचीच राहून गेलेली. दुसरी एक रुपयाची. चांगला दणकट कागद, स्वच्छ रेघा, सगळ्यात पहिल्या नोटेसारखी.

“ही कोनाची?” तिने विचारलं.

मी एकाची नोट उजेडाकडे धरली. मला वाचता येत होतं, आणि हौसाही काही खुळी नव्हती.

“नवा लागलाय कोन कामाला,” ती हळूच म्हणाली. “यांच्याच नावाचा. इथनं धाडला त्यो.” मग तिने आपल्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं आणि कडू हसली. “दोन दोन कमावतान माज्यासाठी, मास्तर. आनि कुंकू एकाचंबी नाय.”

चंद्रावती दारात उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून तिने माझ्या नोटांना रद्दी म्हणणं सोडलं.

दिरांना सुगावा लागायला वेळ लागला नाही. आधी ज्या नोटांना ते कागदाचे कपटे म्हणत होते त्यांच्यावर त्यांनी हक्क सांगितला. पानं आम्ही तोडली, नारळ आमचा, अग्नी आम्ही दिला; तेव्हा दुसरा गडी आमचा. हौसाने एकाची नोट त्यांच्या अंगावर फेकली. काळूराम ती घेऊन माझ्याकडे आला.

“हिचं काय येतील?”

“चार आणे. असल्या मुंबईत पोत्याने मिळतात.”

“आनि हजाराची?”

“ती तुझ्या वहिनीची आहे.”

तो नखाने ओट्याचं शेण खरवडत बसला. “नवा गडी हजारावर कवा येल?”

“काशिराम बारा-तेरा वर्षं तिकडे आहे, तेव्हा कुठे हजार आला.”

“येवडी वरसं कोन थांबनार?” तो म्हणाला. “जास्ती गडी लावलं तर?”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्याला पायरीवरून खाली उतरायला सांगितलं, यापुढे कुणाचीच नोट घेणार नाही असंही सांगितलं. त्याला राग आला नाही. पारशाच्या दुकानाचा पत्ता त्याने कधीच काढून ठेवला होता. जाता जाता तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “पन नाव पायजे. ज्याच्या मागं बोलनारं कोन नाय, असं.”

वैशाख लागला. हौसाला त्यांनी घराबाहेर काढलं. ती आपट्याला गेली नाही. बंदरावर भामा कोळणीच्या पडवीत राहिली आणि टपाल नाक्यावर बसत राहिली. एका सकाळी मी तिच्याकडून सुकट घेतली. बोलणं झालं. हजाराच्या नोटा तिने कुठेशा नीट ठेवल्या होत्या, दिरांना हात लावू देणार नव्हती.

“माजं लगनाचं हिरवं लुगडं तिकडंच ऱ्हायलंय,” ती म्हणाली. “आता मी नेसनार नाय. पन ते आमच्या घरवाल्यानं घेतलंलं. तेवडं आनून द्या मास्तर. मना त्या बांदावर पाय ठेवाया नको वाटतंय.”

शाळेला सुट्टी होती. जेवून मी सायकल काढली. खाडीला भरती लागली होती, मीठ वेचून झालं होतं, ढीग झापांनी झाकलेले. बांधावर काळूराम, गणू आणि काळूरामची बायको शांती होती. शेजारी पळसाच्या पानांचे भारे. या खेपेला भटजी नव्हते. भटजींना दक्षिणा द्यावी लागते. आणि नाव देणं काय, ते एकदा ऐकलं की कुणालाही येतं.

पुतळा बांधून झाला होता. बांबूला टेकवून उभा केला होता. नारळाच्या खाली मान जरा कलली होती.

“हौसाचं लुगडं न्यायला आलोय,” मी म्हणालो.

मग मला लुगडं दिसलं. शांती त्याच्या निऱ्या करत होती.

“काळूराम, हौसा बाजारात बसली आहे. मी सकाळीच तिच्याशी बोललो. ती जिवंत आहे!”

“तवा तर त्योबी जित्ताच व्हता,” काळूराम म्हणाला. तो काड्यापेटी शोधत होता.

गणूने माझी सायकल धरून ठेवली होती. उघाडीची फळी वर ओढलेली होती आणि पाणी आत येत होतं.

शांती गुडघ्यांवर बसून पुतळ्याला कासोटा घालत होती. तिला तो काही केल्या जमत नव्हता. तिने कपाळावरचा घाम पुसला, वर पाहिलं, आणि घरात रोज बोलत असेल तशा आवाजात म्हणाली,

“जाऊबाय, वाईच सरल उबी रा गो.”

मग तिला कासोटा नीट खोचता आला.